कन्नड घाटात दम का तुटतो? डिझेल पिकअपच्या ईसीयूमधले आकडे : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२४, चाळीसगाव

मामांची पिकअप बीएस-६ डिझेल आहे. कपाशीच्या हंगामात जिनिंगला कापूस, एरवी कांदा आणि भडगावकडची केळी. तक्रार एकच, पण पक्की: दुपारच्या उन्हात माल भरून कन्नड घाट चढताना गाडी ओढत नाही. तीच गाडी, तेवढाच माल, पहाटे निघाली की घाट बिनतक्रार चढते. चेक लाइट लागत नाही. मिस्तरींनी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलून पाहिले, टर्बोचे होज पाईप हाताने चाचपले, स्कॅनर लावला. दोषाचा कोड एकही नाही.

मामा म्हणतात, "काटा तं मधमाच शे, पन घाटमा गाडी वढस नही."

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आहे म्हणजे इंजिन ठीक आहे, इथे सगळ्यांचा तपास थांबलाय. माझा तपास इथून सुरू होतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, जे आकडे पाहून किती डिझेल सोडायचं ते ठरवतो, तेच आकडे घाट चढताना नोंदवायचे. स्वतःसाठी एक अट घातली आहे: ईसीयूकडून आलेला कोणताही आकडा गाडीबाहेरच्या एखाद्या साक्षीदाराशी जुळल्याशिवाय खरा धरायचा नाही. साक्षीदार म्हणजे थर्मामीटर, फोनमधला बॅरोमीटर, जीपीएस, मल्टिमीटर, वजनकाटा.

८ एप्रिल

स्टिअरिंगखालचं १६ पिनांचं कपलर सापडलं. आपल्याकडे चारचाकींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून सांगण्याची सोय) एप्रिल २०१३ पासून आहे आणि बीएस-६ लागू झालं १ एप्रिल २०२० ला, त्यामुळे या गाडीत कपलर असणारच होतं. पिनांची जागा जगभर एकच: ४ आणि ५ अर्थ, १६ वर थेट बॅटरी, ६ आणि १४ वर कॅनच्या (गाडीतले संगणक ज्यावरून बोलतात त्या जाळ्याच्या) दोन तारा. जुन्या गाड्यांमध्ये ७ नंबरच्या पिनवर के-लाइन ही जुनी संपर्काची तार असायची. तिचा वेग सेकंदाला १०,४०० बिट. कॅन इथे सेकंदाला ५ लाख बिटने चालते.

१६ नंबरची पिन चावी बंद असतानाही जिवंत असते. अडॅप्टर (कपलरवरचे आकडे लॅपटॉपला देणारं यंत्र) लावून गाडी आठवडाभर उभी ठेवली तर बॅटरी उतरते. काम झालं की काढायचा, हा नियम मामांनाही सांगून ठेवलाय.

अडॅप्टर ईएलएम३२७ जातीचा, ब्लूटूथवाला. ईएलएम३२७ ही चिप एका कॅनेडियन कंपनीची. ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, पण तिची आज्ञावली इतकी रुळली आहे की बाजारातले सगळे स्वस्त अडॅप्टर तीच भाषा बोलतात. 'एटी झेड' दिलं की चिप नव्याने सुरू होते, 'एटी ई०' ने प्रतिध्वनी बंद होतो, 'एटी एसपी०' दिलं की ती प्रोटोकॉल स्वतः शोधते. इथे ६ नंबरचा प्रोटोकॉल सापडला: ११ बिटांचा पत्ता, ५०० किलोबिटचा वेग.

'एटी आरव्ही' दिल्यावर १२.४ व्होल्ट आले. मल्टिमीटर कपलरच्या १६ आणि ४ नंबरच्या पिनांवर धरला तर १२.५. हा आकडा ईसीयूचा नाही, अडॅप्टर स्वतः मोजतो. पण पहिला साक्षीदार जुळला.

११ एप्रिल

आजचा दिवस भाषांतराचा. म्हणजे बाइटचं अंशात, बाइटचं दाबात.

संभाषण असं चालतं. आपण ७डीएफ या पत्त्यावर प्रश्न टाकतो: ०१ ०५. यात ०१ म्हणजे 'आत्ताचा आकडा दे' आणि ०५ म्हणजे कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान. इंजिनाचा ईसीयू ७ई८ वरून उत्तर देतो: ०३ ४१ ०५ ७बी. पहिला ०३ सांगतो की पुढे कामाचे तीन बाइट आहेत. ४१ म्हणजे ०१ ला दिलेलं उत्तर (४० मिळवून), ०५ हा प्रश्नाचा पुनरुच्चार, आणि खरा माल शेवटचा: ७बी. हे सोळाच्या पायावरचे अंक आहेत, ए ते एफ म्हणजे १० ते १५. ७ गुणिले १६ अधिक ११ म्हणजे १२३. त्यातून ४० वजा, उत्तर ८३ अंश सेल्सिअस.

४० वजा करण्याचं कारण सरळ आहे. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, उणे चिन्हाला जागा नाही. म्हणून शून्याची खूण उणे ४० अंशांवर रोवली. वरचं टोक २१५ वर गेलं. लडाखच्या थंडीपासून तापलेल्या ऑइलपर्यंत सगळं त्यात बसतं.

आणि आता जी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. इंजिन आयडलवर असताना आरपीएमच्या प्रश्नाला (०सी) उत्तरात ०बी बी८ हे दोन बाइट आले. दशमानात ३,०००. आरपीएमचं सूत्र चारने भागायचं आहे: ७५०. थोड्या वेळाने फ्युएल रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, प्रश्नाला (२३) अगदी हेच दोन बाइट आले, ०बी बी८. तिथे दहाने गुणायचं, एकक किलोपास्कल: ३०,००० किलोपास्कल म्हणजे ३०० बार. हेच बाइट हवेच्या प्रवाहाच्या प्रश्नाला आले असते तर शंभराने भागून सेकंदाला ३० ग्रॅम झाले असते, आणि ईसीयूच्या व्होल्टेजच्या प्रश्नाला आले असते तर हजाराने भागून ३ व्होल्ट. बाइट तेच, अर्थ चार. बाइटमध्ये अर्थ नसतो, तो प्रश्नात असतो. त्यामुळे नोंदवहीत नुसता अंतिम आकडा लिहायचा नाही. प्रश्न, कच्चे बाइट आणि सूत्र लावून आलेला आकडा, तिन्ही जपायचे. उद्या सूत्रावर शंका आली तर कच्च्या बाइटवरून सगळं पुन्हा काढता आलं पाहिजे.

पायथनमध्ये सूत्रांची यादी केली आणि प्रत्येक सूत्राशेजारी हाताने सोडवलेलं एक उदाहरण ठेवलं. प्रोग्रॅम सुरू होताना आधी ही उदाहरणं स्वतः सोडवतो. एकही चुकलं तर पुढे जात नाही.

१२ एप्रिल

ही गाडी कोणकोणत्या प्रश्नांना उत्तर देते? ते विचारायचीही सोय आहे: ०१ ००. उत्तर आलं ९८ ३बी ८० १३. चार बाइट, बत्तीस बिट, एकेका प्रश्नाला एकेक बिट. दुसरा बाइट ३बी घेतला तर बिट ००१११०११, म्हणजे ०९ आणि ०ए नाही, ०बी (मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब), ०सी, ०डी (वेग) आहेत, ०ई नाही, ०एफ (आत येणाऱ्या हवेचं तापमान) आणि १० (हवेचा प्रवाह) आहेत. ०ई म्हणजे स्पार्क किती अंश आधी पडतो. डिझेलला स्पार्कच नसतो, तेव्हा तिथे शून्य असणं योग्यच. शेवटचं बिट १ आहे, म्हणजे पुढच्या बत्तिसांची यादीही विचारता येते.

पुढच्या याद्यांत दोन मोलाची रत्नं मिळाली: ६१ आणि ६२. पहिला म्हणजे चालकाने पायाने मागितलेला टॉर्क (फिरवण्याचा जोर), दुसरा म्हणजे इंजिनाने दिलेला टॉर्क, दोन्ही टक्क्यांत, सूत्र १२५ वजा. सोबत ६३, ज्याची ही टक्केवारी ते संदर्भ टॉर्क: ०० सी८, म्हणजे २०० न्यूटन-मीटर. मामांची तक्रार 'ओढत नाही' ही आहे, आणि तिला थेट भिडणारे आकडे हेच. शिवाय ७७ आहे: इंटरकूलरमधून (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीतून) बाहेर पडलेल्या हवेचं तापमान.

मोबाइलवर फुकट मिळणारी ॲप हॉर्सपॉवर दाखवतात, पण बहुतेकदा ती हवेच्या प्रवाहावरून किंवा वेग आणि वजनावरून बांधलेली अंदाजपंचे असते, ईसीयूने सांगितलेली नव्हे. या प्रकल्पात तसा आकडा घेणार नाही.

१४ एप्रिल, पहाट

थंड इंजिनाची परीक्षा. गाडी रात्रभर अंगणात सावलीला उभी. पहाटे पावणेसहाला, इंजिन सुरू न करता, फक्त चावी फिरवून वाचलेले आकडे:

कूलंट २७. आत येणारी हवा २७. इंटरकूलरनंतरची हवा २८. बाहेरची हवा (४६) २७. बॉनेटखाली टांगलेला साधा थर्मामीटर २६.५.

रात्रभरात सगळं लोखंड, पाणी आणि हवा एकाच तापमानाला येतात, म्हणून हे सगळे सेन्सर एकच आकडा बोलले पाहिजेत. बोलले. एखादा सेन्सर दहा-बारा अंशांनी वेगळा निघाला असता तर घाटातल्या आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नव्हता.

तसंच दाबाचं. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, तेव्हा ०बी आणि ३३ (वातावरणाचा दाब) सारखे हवेत. दोन्ही ९७ किलोपास्कल. फोनचा बॅरोमीटर ९६८ हेक्टोपास्कल, म्हणजे ९६.८. समुद्रकाठी हा आकडा १०१ च्या आसपास असतो. चाळीसगाव साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून आपल्याकडे तो मुळातच कमी.

मामा चहा घेऊन आले आणि स्क्रीनकडे बोट दाखवून विचारलं, "हाऊ आकडा खरा शे का?" पाचही तापमानं एकाखाली एक दाखवली. त्यांनी थर्मामीटर स्वतः हातात घेऊन पाहिला, मग मान डोलावली.

तापमानाचा आकडा किती हातांतून जातो ते इथे लिहून ठेवतो, कारण पुढे लागेल. कूलंटमध्ये बुडालेला सेन्सर म्हणजे एक रोधक आहे. गरम होईल तसा त्याचा रोध घटतो. बहुतेक गाड्यांत असतो त्या जातीचा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० ला सव्वातीनशेच्या आसपास, १०० ला १८५ च्या आसपास. ईसीयू ५ व्होल्ट एका ठरावीक रोधकातून देतो, सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो, आतल्या तक्त्यात पाहून अंश काढतो आणि मग ४० मिळवून बाइट पाठवतो. यावरून दोन खुणा मिळतात. तार तुटली तर रोध अनंत, आकडा उणे ४० ला चिकटतो. तार अर्थला टेकली तर आकडा वरच्या टोकाला पळतो. खानदेशात एप्रिलमध्ये उणे ४० दिसला तर आधी कपलर हलवून पाहायचं, सेन्सर बदलायची घाई करायची नाही. बऱ्याच गाड्यांत ईसीयू असा तुटका आकडा स्वतःच टाकून देतो आणि त्याजागी कामचलाऊ आकडा धरतो. म्हणून कोडही (पी०११७, पी०११८) सोबत वाचायला हवेत.

वाचायला, पुसायला नव्हे. ०४ हा आदेश कोड पुसतो, पण त्याबरोबर दोष उद्भवला त्या क्षणाचे गोठवून ठेवलेले आकडेही पुसतो. माझ्या प्रोग्रॅममध्ये तो आदेशच ठेवलेला नाही.

१७ एप्रिल

वेगाचा साक्षीदार. धुळे रस्त्यावर सपाट पट्टा: डॅशबोर्डवर ६०, ईसीयू (०डी) ५७, जीपीएस ५७. स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवू नये असा नियम आहे, म्हणून कंपन्या तो थोडा चढाच ठेवतात. ईसीयूचा आकडा खरा.

तापमानाच्या काट्याचंही आज कळलं, आणि हे मामांना लगेच सांगितलं. कूलंट ७६ अंशांपासून १०३ पर्यंत काटा जागचा हलत नाही. गाडीचा दोष नाही. काटा थरथरला की गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून अनेक कंपन्या तो असाच बांधतात. पण याचा अर्थ असा की 'काटा मध्यावर' या साक्षीला सत्तावीस अंशांची सूट आहे.

१९ एप्रिल

वेळेची अडचण. सगळे प्रश्न ओळीने विचारले तर एक फेरी पूर्ण व्हायला दीड-दोन सेकंद लागतात. घाटातल्या वळणावर तेवढ्या वेळात पाय उचलून पुन्हा दाबला जातो. मागणीचा टॉर्क वळणाआधीचा आणि दिलेला टॉर्क वळणानंतरचा अशी जोडी एका ओळीत बसली तर भलताच निष्कर्ष निघेल.

दोन उपाय केले. प्रश्नाच्या शेवटी अपेक्षित उत्तरांची संख्या जोडली, '०१०सी' ऐवजी '०१०सी१'. मग एक उत्तर आल्यावर अडॅप्टर दुसऱ्या कुणाची वाट पाहत थांबत नाही. फरक डोळ्यांना दिसण्याइतका पडला. दुसरं म्हणजे प्रत्येक आकड्याला स्वतःची वेळ दिली, ओळीला नाही. ६१ आणि ६२ लागोपाठ विचारायचे. तापमानं संथ बदलतात, ती दर पाच सेकंदांनी चालतील. कॅनवर एका प्रश्नात सहा आकडे मागण्याचीही सोय आहे, पण स्वस्त अडॅप्टरवर ती बेभरवशाची, म्हणून सोडली.

२२ एप्रिल

घाट. दुपारी दोन, बाहेर ४२ अंश. वजनकाट्यावर गाडी मालासह ३,००० किलो. चालवायला मामा, लॅपटॉप माझ्या मांडीवर. अवजड वाहनांना या घाटात बंदी आहे, त्यामुळे पुढे ट्रकांची रांग नव्हती आणि चढ एका लयीत घेता आला.

पायथ्याशी: कूलंट ८८, इंटरकूलरनंतरची हवा ६१, मागितलेला टॉर्क ७० च्या आसपास, दिलेला तेवढाच.

मध्यावर: कूलंट ९७, हवा ८४. मागितलेला १००, दिलेला ८८.

माथ्याजवळ, तिसऱ्या गिअरमध्ये २,४०० आरपीएमला: कूलंट १०६, हवा ९७, मॅनिफोल्डचा दाब २१२ किलोपास्कल. मागितल्याचा बाइट ई१, म्हणजे १००. दिल्याचा बाइट सी४, म्हणजे १९६ वजा १२५: ७१.

पाय तळाला टेकलेला, आणि इंजिन शंभरातले एकाहत्तर देतंय. २०० च्या ७१ टक्के म्हणजे १४२ न्यूटन-मीटर; २,४०० आरपीएमला सुमारे ३६ किलोवॅट. डॅशबोर्डवरचा काटा मध्याच्या जेमतेम वर. कोड नाही, कारण ईसीयूच्या दृष्टीने काहीही बिघडलेलं नाही: कूलंट आणि हवा तापली, त्याने इंजिन वाचवायला डिझेल कमी केलं. त्याचं काम त्याने केलं.

माथ्यावर थांबून इंजिन पाच मिनिटं आयडलवर ठेवलं. वातावरणाचा दाब ९३. कूलंट १०६ वरून ९८ वर यायलाच तेवढा वेळ गेला. ते मला खटकलं. पंखा फिरत होता, आवाजही भरपूर होता, तरी उष्णता बाहेर पडत नव्हती.

२३ एप्रिल

एक गोष्ट तपासून ठेवायला हवी. ६२ चा 'दिलेला टॉर्क' ईसीयूने मोजलेला नसतो, सोडलेल्या डिझेलवरून त्याने हिशेबाने काढलेला असतो. त्यालाही साक्षीदार हवा.

साक्षीदार म्हणून घाटच घेतला. रस्त्यावरची दोन ठिकाणं ठरवली, फोनच्या बॅरोमीटरवरून त्यांच्या उंचीत सुमारे १०० मीटरचा फरक. काल तो टप्पा चढायला १२९ सेकंद लागले. ३,००० किलो गुणिले ९.८१ गुणिले १०० मीटर, भागिले १२९: २२.८ किलोवॅट. एवढं काम नुसतं वजन उचलण्यात गेलं. उरलेलं टायर, हवा आणि गिअरबॉक्समध्ये. इंजिनाकडच्या ३६ शी हे सुसंगत आहे. आकडा तंतोतंत जुळवण्यापेक्षा मला दुरुस्तीनंतरची तुलना हवी आहे, आणि तिला हे पुरेसं आहे.

२८ एप्रिल

नांदगाव रस्त्यावर सपाटीला जाताना सायलेन्सरच्या अंगाला वास आणि आयडल किंचित चढा. ७८, म्हणजे एक्झॉस्टच्या वायूचं तापमान, विचारलं. उत्तर लांब असल्यामुळे दोन फ्रेममध्ये येतं, ती आधी जोडावी लागतात. तापमानाचे बाइट १८ ९सी: ६,३०० भागिले १० वजा ४०, म्हणजे ५९० अंश. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला जाळून साफ करत होता. बीएस-६ डिझेलमध्ये हे अधूनमधून होणारच. घाटातल्या दिवशी हा आकडा एवढा चढलेला नव्हता, तेव्हा ते कारण बाद. पण पुढच्या तुलनेत डीपीएफ जळत असेल ती फेरी धरायची नाही.

२ मे

मिस्तरींकडे आकडे घेऊन गेलो. कागदावर तीनच रेघा काढल्या होत्या: कूलंट, इंटरकूलरनंतरची हवा, दिलेला टॉर्क. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले की पाणी आणि हवा दोन्ही एकदम तापतात म्हणजे थर्मोस्टॅट एकटा दोषी नाही. थर्मोस्टॅट अडकला तर पाणी तापेल, इंटरकूलरची हवा कशाला तापेल? दोघांना जोडणारी गोष्ट एकच, समोरून येणारा वारा.

हे त्यांनी तीस वर्षांच्या हाताने ओळखलं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. माझ्याकडे आकडे होते. त्यांतून कारण वेगळं काढणारं डोकं त्यांचं.

समोरून जाळी स्वच्छ दिसते, ती मागेच धुतलेली आहे. पण इंटरकूलर पुढे आणि रेडिएटर त्याच्या मागे, मध्ये बोटभर फट. त्या फटीत काय आहे ते समोरून दिसत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरने इंटरकूलरचा बाहेरचा पाईप तपासला. चकचकीत धातूवर हे यंत्र खूप कमी तापमान दाखवतं, कारण तसा धातू उष्णता नीट बाहेर फेकत नाही. पाईपवर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर नेम धरायचा. पट्टीवर ५४, ईसीयूच्या ७७ मध्ये ५६. साक्षीदार जुळला. म्हणजे ७७ चा सेन्सर खरोखर इंटरकूलरनंतरच आहे आणि ०एफ टर्बोच्या आधी.

१० मे, आखाजी (अक्षय तृतीया)

आज गाड्या बंद, म्हणून पिकअप मोकळी मिळाली. घरात सांजोऱ्या, आमरस, माहेरवाशिणी. आम्ही तिघं गॅरेजमध्ये.

बंपर आणि समोरची पट्टी काढली, इंटरकूलर सैल करून पुढे ओढला. रेडिएटरच्या तोंडावर कापसाच्या तंतूंचा थर होता. जिनिंगच्या आवारात हंगामभर हवेत तरंगणारा तंतू इंटरकूलरच्या पंखांमधून आत जातो आणि मागच्या रेडिएटरवर अडकतो. वर धूळ बसते, पावसात भिजते, उन्हात वाळते. नमद्यासारखा एकसंध तुकडा निघाला. खालचा अर्धा भाग जवळजवळ बंद होता.

धुताना काळजी: पाण्याचा जोर मागून पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, आणि नळी लांब धरून. जवळून प्रेशर मारलं तर पंख आडवे होतात आणि आहे तो वाराही बंद होतो. मिस्तरींनी आडवे झालेले पंख पातळ पात्याने एकेक सरळ केले. इंटरकूलरही आतबाहेर साफ केला. कूलंट तपासलं, झाकणाचं रबर बदललं.

१५ मे

पुन्हा घाट. दुपारी दोन, बाहेर ४३, म्हणजे त्या दिवसापेक्षा जराही सौम्य नाही. वजनकाट्यावर ३,००० ला वीस किलो कमी. डीपीएफ शांत.

माथ्याजवळ त्याच जागी, तिसऱ्या गिअरमध्ये २,४०० ला: कूलंट ९५, इंटरकूलरनंतरची हवा ६८, मॅनिफोल्डचा दाब २१४. मागितलेला १००. दिल्याचा बाइट डीडी: २२१ वजा १२५, म्हणजे ९६.

दाब जवळजवळ तोच आहे, २१२ आणि २१४. नुसता दाब पाहिला असता तर काहीच बदललं नाही असं वाटलं असतं. पण हवेची घनता दाब आणि तापमान दोन्हींवर ठरते. आधी २१२ किलोपास्कल आणि ९७ अंश: घनमीटरला २.०० किलो. आता २१४ आणि ६८ अंश: २.१९ किलो. साडेनऊ टक्के जास्त हवा. टॉर्क मात्र ७१ वरून ९६ वर गेला, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. म्हणजे हवा कमी पडणं हा दुखण्याचा लहान भाग होता. मोठा भाग होता ईसीयूने तापमान पाहून स्वतःहून आखडलेला हात. हे दोन वेगळे करता आले ते केवळ ६१ आणि ६२ या जोडीमुळे.

१०० मीटरच्या टप्प्याला १०४ सेकंद. नुसतं वजन उचलण्याचे २८ किलोवॅट, आधी २३ होते. वाढ सुमारे २३ टक्के, टॉर्कच्या वाढीपेक्षा कमी, कारण वळणांवर पाय उचलावाच लागतो आणि तिथे इंजिनाची पूर्ण ताकद लागत नाही. दिशा तीच, साक्ष पक्की.

माथ्यावर आयडलला उभी केल्यावर कूलंट दोन मिनिटांत ९० वर आलं.

मामांनी स्क्रीन पाहिला नाही. म्हणाले, "आते वढस."

१९ मे

मिस्तरींसाठी प्रोग्रॅमची साधी आवृत्ती केली. त्यांना बाइट नकोत, रेघाही नकोत. तीन आकडे मोठ्या अक्षरांत: कूलंट, इंटरकूलरनंतरची हवा बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त, आणि मागितलेल्या व दिलेल्या टॉर्कमधली तफावत. मधला आकडा मुद्दाम फरकाच्या रूपात ठेवला, कारण मे आणि डिसेंबरची तुलना नुसत्या तापमानावर होत नाही. या गाडीत तो फरक जाळी तुंबलेली असताना माथ्यावर ५५ होता, साफ केल्यावर २५. दुसऱ्या गाडीला हेच आकडे लावायचे नाहीत; प्रत्येक गाडीचे साफ असतानाचे आकडे आधी घेऊन ठेवायचे.

कापूस वाहणाऱ्या आणखी तीन पिकअप मिस्तरींकडे येतात. हंगाम संपला की फेब्रुवारीत त्यांची पहाटेची थंड परीक्षा आणि एक भरलेली घाटफेरी, असं ठरलं.

एका मोठ्या ट्रकचंही विचारणं आलंय. त्याची भाषा वेगळी, जे१९३९: गोल ९ पिनांचं कपलर, २५० किलोबिट, २९ बिटांचा पत्ता. तिथे विचारावंही लागत नाही, इंजिन स्वतःहून आरपीएम ओरडत असतं. पण दोन बाइटांपैकी लहान आधी येतो आणि एका एककाची किंमत आरपीएमचा आठवा भाग. ७० १७ आले तर १७७० वाचायचं, म्हणजे दशमानात ६,०००, आठने भागून ७५०. बाइट एफएफ आला तर तो आकडा नाही, 'माहिती उपलब्ध नाही' असा निरोप आहे. सूत्रांच्या यादीत ही उदाहरणं आजच टाकून ठेवली. कपलरची केबल जळगावहून मागवली आहे.